उपडा पाळणा

मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे, आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. पाळण्याने गोड बोलावं, डोलावं, पोरांना झोपवावं, हे मला कुणी शिकवायला नको. चार पिढ्या तेच केलं. पण आज अंगाई नाही. आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकायचं. कंटाळा आला तर खुशाल तसं सांगा, मी काही थांबणार नाही.

माझा जन्म अक्रोडाच्या झाडातला. ह्या अल्बानियाच्या डोंगरात ल्येश नावाचा माणूस राहायचा. त्याने घर बांधायला अक्रोड पाडला, बुंध्याचं आढं केलं, आणि उरलेल्या फळ्यांतून मला घडवलं. तुमच्याकडच्यासारखा मी दोरीने टांगलेला नाही बरं का. मी जमिनीवर असतो, खाली दोन वाकड्या फळ्यांवर डुलतो. आई पायाने मला झुलवते आणि हाताने लोकर कातते. मूल पडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी विणलेले रुंद पट्टे आवळून त्याला बांधतात, आणि डोक्याकडच्या कमानीवरून कापड सोडतात. ल्येशने माझ्या डोक्याशी एक सूर्य कोरला. वेडावाकडा आलाय, पण येणारा जाणारा आजही त्याचंच कौतुक करतो.

आमच्याकडे एक म्हण आहे. मुलगी जन्मली की घराचं आढंसुद्धा रडतं. आता ते आढं माझा सख्खा भाऊ, एकाच झाडाचे आम्ही. तो वर, मी खाली. मी त्याला एकदाही रडताना पाहिलेलं नाही. लोक काय, काहीही बोलतात! मुलगा झाला की मात्र अंगणात बंदुकीचे बार काढतात. नुकत्याच जन्मलेल्या जिवाचं स्वागत गोळ्यांनी. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ही मंडळी त्याला पुढे काय देणार आहेत.

कारण आमच्या खोऱ्याचा जुना कायदा असा. एका घरातल्या माणसाने दुसऱ्या घरातला माणूस मारला, की त्या दुसऱ्या घराचं रक्त येणं लागतं, म्हणजे बदल्यात एक जीव. मारणाऱ्यालाच मारलं पाहिजे असं नाही, त्याच्या घरातला कुठलाही पुरुष चालतो. भाऊ चालतो, पुतण्या चालतो, मुलगा चालतो. चोर सोडून संन्याशाला सूळ, असं तुम्ही म्हणता ना, ते इथे नियम म्हणून पाळतात. बाईवर मात्र गोळी चालवायची नाही. आणि मुलावर नाही, तो पुरुष होईपर्यंत. बाईला सोडतात ते मान म्हणून, असं पुरुष छाती फुगवून सांगतात. मान कसला डोंबलाचा! ती त्यांच्या मोजणीतच नाही, म्हणून सोडतात.

ल्येशच्या पणतवाचं लग्न झालं, पाश्क त्याचं नाव, आणि म्रिका सून म्हणून घरात आली. हसरी बाई, पण जिभेला धार. तिची तिन्ही मुलं माझ्यातच वाढली. थोरला ज्योवालिन. तो पट्ट्यातून एक हात सोडवून घ्यायचाच, कितीही आवळा. हात बाहेर काढायचा आणि स्वतःशीच हसायचा. मग लिझा आली, तिचा आवाज एवढा की कोंबड्या पळायच्या. आणि सगळ्यात धाकटा मिकेल, तो नुसता झोपायचा. ते दिवस चांगले होते, मी खोटं बोलणार नाही. मग मुलं मोठी झाली, आणि माझ्यात कधी अक्रोड, कधी कांदे ठेवायला लागले. त्याचं मला काही वाटलं नाही. चुलीशेजारच्या कोपऱ्यात बसून सगळं घर दिसायचं.

एका उन्हाळ्यात कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून पाश्कचं आणि खालच्या वाडीतल्या कोलचं भांडण झालं. पाणी गेलं मक्याला, आणि गोळी गेली कोलला. पाश्कला पोलिसांनी नेलं, कोर्टाने आयुष्यभर पुरेल एवढी शिक्षा दिली. संपलं? नाही मित्रांनो. सरकारचं सरकारपाशी, रक्ताचं रक्तापाशी. कोलचा भाऊ दोदा, त्याने निरोप धाडला की आमचं रक्त येणं आहे. त्या दिवसापासून पाश्कचा धाकटा भाऊ प्रेक घरात कोंडला गेला. तो बाहेर पडला की मेला. घर सोडायचं नाही, कारण घरात घुसून मारायचं नाही हाही नियम आहे. नियमांना काही तोटा नाही आमच्याकडे.

ज्योवालिन तेव्हा बारा तेराचा. तो मूल होता, म्हणून मोकळा होता. शाळेत जायचा, गवताच्या कुरणात पोरांबरोबर चेंडू खेळायचा, आणि त्या पोरांत कोलचा मुलगा किनही असायचा. किनची आई नवऱ्यामागे माहेरी गेली ती गेलीच, आणि पोरगं दोदाकाकाकडे राहिलं. दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत, पण एकमेकांना चेंडू द्यायचे. म्रिकाचा जीव मात्र सारखा टांगणीला. पोर किती वाढलं, आवाज फुटला का, मिसरूड दिसतंय का, एवढंच ती बघायची. रोज भाकरी वाढताना ती त्याच्या ओठावर नजर टाकायची. आईने मुलाची वाढ बघून सुखावण्याऐवजी घाबरायचं, ह्यापेक्षा वाईट काय असतं?

आता ऐका, कारण इथेच सगळं बिघडलं. दोदाने ते केलं नाही. ह्याच घरात, ह्याच चुलीपाशी घडलं.

डोंगरापलीकडून प्रेकच्या सासुरवाडीचा एक पाहुणा आला. आमच्याकडे पाहुणा म्हणजे देव. पुरुष चुलीभोवती वयाप्रमाणे रांगेने बसतात, आणि कॉफी त्या रांगेनेच फिरते. मुलं दाराशी उभी राहतात, तबक आणायचं काम त्यांचं. ज्योवालिन तबक घेऊन आला. पाहुण्याने इकडे तिकडे बघितलं आणि मिशीत हसला.

"काय प्रेक, एवढं मोठं घर, आणि पुरुष म्हणशील तर एकटा तूच उरलास?"

प्रेकला मिरची झोंबली. दोन वर्षं घरात कोंडलेला माणूस, बायकांनी आणलेलं खाणारा. तो म्हणाला, "एकटा कशाला? दोन आहोत. ये रे ज्योवालिन, बस इथे, माझ्या शेजारी."

म्रिका दारातच होती. "भावजी, चौदाचा आहे तो."

"वहिनी, पुरुषांच्या रांगेत बोलू नये."

"मी रांगेत कुठे आहे? मी दारात आहे. भावजी, नका हो."

पण पोराच्या चेहऱ्यावर जे उजाडलं होतं, ते मी पाहिलं. त्याला रांगेत जागा मिळाली होती! तो बसला. प्रेकने त्याच्यापुढे कॉफीचा कप ठेवला, वर राकीचा, म्हणजे आमच्या कडक दारूचा, प्याला. एका घोटात त्याचे कान लाल झाले, डोळ्यांत पाणी आलं, आणि सगळे हसले. पाहुणा म्हणाला, "वा रे वाघा!" म्रिका तिथून निघून गेली. मागच्या खोलीत तिने भांडी इतकी आपटली की एक फुटलं.

पाहुणा परत जाताना खालच्या वाडीतल्या दुकानात टेकला. वाईट हेतू नव्हता हो त्याचा, कौतुकानेच बोलला. "प्रेकच्या पुतण्याने आमच्यात बसून कॉफी घेतली, काय रुबाबदार पोर!" झालं. दुसऱ्या दिवशी म्हातारा फ्रान आमच्याकडे आला. फ्रान हा खोऱ्याचा मध्यस्थ, दोन्ही घरांत ज्याला पाणी मिळतं असा एकमेव माणूस. त्याने टोपी काढली आणि दोदाचा निरोप सांगितला. तुमच्या पोराने पुरुषांत कॉफी घेतली, म्हणजे तो पुरुष झाला. आता तोही आम्हाला चालेल.

चालेल! भाजी घेतल्यासारखं!

प्रेक पुढे सरकला. तो म्हणाला, "अहो फ्रानबाबा, मी आपलं पाहुण्यासमोर..."

"तू पाहुण्यासमोर केलंस म्हणूनच मोजलं गेलं, प्रेक. घरात एकट्यानेच पाजली असतीस तर कोण विचारत होतं?"

त्या दिवसापासून ज्योवालिनची शाळा बंद. खिडक्या आमच्या घराला लहानच आहेत, एका हातात मावतील अशा. त्यातून त्याला कुरण दिसायचं. लिझा त्याच्यापेक्षा लहान, पण ती मोकळी. ती शाळेत जायची, बाजार करायची, मीठ आणायची, सरपण आणायची, संध्याकाळी भावाला धडे वाचून दाखवायची. सुरुवातीला तो वाद घालायचा, गणितं सोडवायचा. मग नुसता ऐकायचा. मग ऐकेनासा झाला. एकदा तो लिझाला म्हणाला, "तू मुलगी झालीस, बरं झालं." तिने त्याच्या तोंडावर वही फेकली आणि मग दोघंही रडली. कुणीतरी ते वरच्या आढ्याला सांगा.

त्या हिवाळ्यात शहरातून एक बाई आली. बूट चांगले, चिखलात पार रुतलेले. जगात मुलांचे खून कुठे होतात, कुणाचे होतात, ह्याचा अभ्यास करणारी. भली होती. म्रिका शेंगा सोलत होती, बाई तिच्यासमोर बसली आणि सांगायला लागली. सगळीकडे तेच दिसतं म्हणाली, मुलींपेक्षा मुलगे जास्त मरतात. अगदी तान्ही असतात तेव्हा धोका असतो, मग कमी होतो, आणि वयात यायला लागली की एकदम वाढतो. गरिबी असेल तिथे जास्त. घरात बंदूक असेल तिथे जास्त.

म्रिकाने सगळं ऐकून घेतलं. "एवढं शिकलात बाई, पण एक राहिलंच."

"काय हो?"

"ज्या घरात काका शहाणा असतो, तिथे सगळ्यात जास्त."

पलीकडच्या खोलीत प्रेकला खोकला आला. बाई हसली नाही. तिने म्रिकाचा हात धरला आणि म्हणाली, "मी शहरात त्याच्या राहण्याची सोय बघते. रस्ता उघडला की गाडी घेऊन येते." आणि ती खरंच आली, मित्रांनो. सोय करून आली. पण रस्त्यावरचा बर्फ आधी वितळला, कुरण आधी हिरवं झालं, आणि पोरं आधी खेळायला आली.

दुपार होती. ऊन पडलं होतं. चेंडू उंच उडाला आणि आमच्या कुंपणाच्या भिंतीबाहेर, फाटकाजवळ येऊन पडला. पोरांनी सवयीने हाक मारली, "ज्योवालिन, टाक ना रे!" त्यांना काय माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण चेंडू समोर असला की पोरं पोरंच असतात. आणि हाही पोरच. कॉफी पिऊन काय कुणाला अक्कलदाढ फुटते? तो फाटक उघडून बाहेर गेला आणि त्याने चेंडू मारला. लांब मारला, चांगला मारला. कित्येक महिन्यांनी पाय मोकळा झाला होता त्याचा.

किनने आपल्या जाकिटाच्या गठ्ठ्यातून पिस्तूल काढलं. दोदाने त्याला सांगून ठेवलं होतं की ज्या दिवशी तो फाटकाबाहेर दिसेल, त्या दिवशी. दोदाने स्वतः का नाही मारलं, विचारा. विचारा ना! कारण किन तेराचा होता, आणि तेराच्या पोराला कायदा तुरुंगात टाकत नाही. म्हणजे बघा, ह्यांनी मारायला पोर निवडलं, कारण ते लहान. आणि मरायला पोर निवडलं, कारण ते मोठं. दोघांत एका वर्षाचं अंतर असेल नसेल. दोघं एकाच बाकावर बसले असते.

गोळी सुटल्यावर किन तिथेच ओकला. पोरं पळाली. म्रिका धावत गेली तेव्हा ज्योवालिनचा एक हात जाकिटाच्या बाहीतून सुटून मोकळा झालेला होता. बाकी मी सांगणार नाही.

आता तुम्हाला वाटेल, फिटलं रक्त. एक त्यांचा, एक ह्यांचा. दोदाही तेच म्हणाला. आणि आमचा प्रेक काय म्हणाला असेल? माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणजे मला पाय नाहीत, पण जाते! पंचांसमोर प्रेक म्हणाला, "तो मूल होता! मुलावर गोळी चालवणं म्हणजे नियम मोडणं. तेव्हा हे रक्त मोजायचं नाही, उलट आता आमचं त्यांच्याकडे येणं लागतं." ज्याने त्याला ओढून पुरुषांत बसवलं, तोच तो. पोर जिवंत होतं तेव्हा पुरुष, आणि मेल्यावर मूल!

मग त्याने भिंतीवरची बंदूक काढली आणि मिकेलच्या बिछान्यावर खुंटीला टांगली. मिकेल दहा वर्षांचा.

"मिकेल, थोरल्या भावाला विसरायचं नाही."

मिकेल म्हणाला, "मी विसरलेलो नाही, काका. पण ती रात्री माझ्यावर पडली तर?"

"गप! पुरुषासारखं बोल."

म्रिका ते ऐकून चुलीपाशी नुसती बसून राहिली. तिच्या हातातली भाकरी करपली तरी तिला वास आला नाही. तिचं दुसरं पोरही त्याच रांगेत निघालेलं तिला दिसत होतं.

उन्हाळा संपता संपता फ्रानबाबा आला. प्रेक झोपला होता. म्हातारा हळूच म्रिकाला म्हणाला, "पोरी, पाळणा देतेस? कुणासाठी, ते विचारू नकोस."

तिने विचारलं नाही. तिने माझ्यातले कांदे काढले, फळ्या ओल्या फडक्याने पुसल्या, आणि मला फ्रानच्या खेचरावर स्वतःच्या हाताने बांधलं. तिला कळलं होतं. आणि मलाही कळलं, कारण ह्या खोऱ्यात रिकामा जुना पाळणा खेचरावरून एकाच कामाला जातो. समेटाला. मारणाऱ्या घराने आपलं तान्हं मूल पाळण्यात बांधायचं, पाळणा मेलेल्याच्या उंबऱ्यावर नेऊन उपडा ठेवायचा, आणि हात बांधून उभं राहायचं. आता हे मारा, नाहीतर आम्हाला माफ करा. घरचा कर्ता पाळणा सुलटा करतो, आणि रक्त संपतं. तोवर दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

म्हणजे बापाला माफी हवी असते, आणि श्वास कोंडतो लेकराचा. चार पिढ्या मी ह्याला चांगली रीत समजत होतो, बरं का. समेटाचं काम, पुण्याचं काम. माझ्यावर कधी वेळ आली नव्हती ना.

दोदाच्या घरी माझ्यासारखा पाळणा नव्हता, दुकानातला प्लास्टिकचा होता, आणि तो पंचांना चालेना. म्हणून मी. दोदाची बायको द्राने, तिचं मूल चार महिन्यांचं. ती पट्टे आवळत होती आणि पुन्हा सैल करत होती. कोपऱ्यात किन बसलेला, भिंतीकडे तोंड करून. आल्यागेल्यासमोर दोदा त्याला वाघ म्हणायचा, आणि दर वेळी ते पोर आणखी आक्रसायचं. मुलाला बांधून झालं तेव्हा तो पहिल्यांदा उठला. त्याने बाळाच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं.

"काकू, ह्याला श्वास घेता येईल ना?"

"अरे, बायकांसारखं काय करतोस!" दोदा ओरडला, आणि त्याने वरून आणखी दोन जाड लोकरी चादरी घातल्या. रस्त्यात मुलाला दृष्ट लागू नये म्हणून! बंदूक चालते, दृष्ट चालत नाही.

आणि मग मी माझ्याच घराच्या उंबऱ्यावर आलो, मित्रांनो, पोटात परक्याचं पोर घेऊन. मला उपडा ठेवला. माझ्या वाकड्या फळ्या आभाळाकडे, ल्येशचा सूर्य मातीत, आणि ते लेकरू पट्ट्यांना लोंबकळत खाली तोंड करून. सुरुवातीला ते मोठ्याने रडलं. मला वाटलं, आता प्रेक येईल, एक हात लावेल, झालं. प्रेक आला. पंच आले. सगळे अंगणात ओळीने बसले, वयाप्रमाणे. दोदा हात बांधून उभा. आणि प्रेकने काय केलं असेल? त्याने कॉफी सांगितली.

"आधी एक गोष्ट ठरू दे," तो म्हणाला. "माझा पुतण्या मूल होता हे दोदाने कबूल करावं."

दोदा म्हणाला, "मी माफी मागायला आलोय, पण खोटं बोलायला नाही. तो पुरुष होता. त्याने पुरुषांत कॉफी घेतली. पाहुणा साक्षीदार आहे."

"चौदाचा होता तेव्हा!"

"मग तू का पाजलीस?"

"आणि तू तेराच्या पोराच्या हाती का दिलंस? स्वतःची छाती कुठे गेली होती?"

पंचांनी माना हलवल्या. एक म्हणाला, जुन्या काळी बंदूक खांद्यावर पेलली की पुरुष. दुसरा म्हणाला, नाही, पट्टा कमरेला बसला की. तिसऱ्याने त्याच्या आजोबांची गोष्ट सुरू केली. अरे, गोष्ट! माझ्या पोटात ते बाळ रडायचं थांबून उचक्या देत होतं. लोकर त्याच्या तोंडात जात होती. मला पालथं पडून डोलतासुद्धा येईना. चार पिढ्यांची मुलं मी झोपवली आहेत, झोपलेलं मूल कसं जड होतं ते मला ठाऊक आहे. हे तसं जड होत नव्हतं. हे गप्प होत होतं. फ्रानबाबा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "प्रेक, हात लाव, मग बोलू." आणि प्रेक म्हणत होता, "आधी ठरू दे."

म्रिका कॉफीचं तबक घेऊन आली. तिने पहिला कप दिला नाही. ती उंबऱ्याशी थांबली आणि तिने कान दिला. तिन्ही मुलं माझ्यात वाढवलेली बाई ती, तिला माझ्यातली शांतता कळत नाही का? तिने तबक सरळ मातीत ठेवलं, गुडघ्यांवर बसली, आणि दोन्ही हातांनी मला सुलटा केला.

 तिने चादरी भिरकावल्या, पट्टे सोडायचाही धीर तिला नव्हता, कमरेची कात्री काढून ते कापलेच. मूल निळं पडलं होतं. तिने त्याला पालथं हातावर घेतलं, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात बोट घालून लोकर काढली. आणि मग ते रडलं. एवढं मोठ्याने की लिझाची आठवण झाली मला.

प्रेक उठून उभा राहिला. "वहिनी! काय केलंस हे! तू माफ केलंस त्यांना?"

"मी कुणाला माफ केलेलं नाही." म्रिका मुलाला खांद्यावर घेऊन उठली. आवाज चढवला नाही तिने, पण भिंतीपलीकडे ऐकू गेला. "दोदा, तुझं तोंड मला आयुष्यात बघायचं नाही. तू एका पोराला मारलंस, आणि दुसऱ्या पोराचा हात वापरलास. आणि भावजी, तुम्ही माझ्या लेकराला एका कपासाठी विकलंत. तुम्हाला तर मुळीच माफी नाही. हे मूल गुदमरत होतं, म्हणून उचललं. बाकी तुमचं चालू द्या."

"पण पाळणा सुलटा झाला!" फ्रानबाबा टोपी काढून ओरडला. म्हातारा रडत होता. "झाला सुलटा! रक्त संपलं!"

"बाईचा हात हिशेबात धरत नाहीत!" प्रेक.

"पण ह्याच उंबऱ्याची बाई आहे," एक पंच म्हणाला.

"मग काय झालं? बाई ती बाई!" दुसरा.

म्रिका त्यांच्यामधून चालत फाटकाबाहेर गेली. भिंतीला टेकून द्राने उभी होती, डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबून. म्रिकाने तिच्या हातात मूल दिलं.

"माफ केलंस ग?" द्रानेने विचारलं.

"नाही."

"मग?"

"आधी दूध पाज त्याला."

ह्याला आता बरेच दिवस झाले. खोऱ्यातले पुरुष अजून वाद घालतात. बाईने सुलटा केलेला पाळणा म्हणजे माफी धरायची की नाही? पलीकडच्या खोऱ्यातले जाणते बोलावले, त्यांच्यातही दोन तट पडले. जोवर ठरत नाही, तोवर कुणी कुणावर गोळी चालवायची नाही, एवढं मात्र सगळ्यांना मान्य आहे. घालू द्यात वाद! शंभर वर्षं घालू द्यात! मी देवाला रोज तेवढंच मागतो. तोवर मिकेल शाळेत जातो. त्याच्या बिछान्यावरची बंदूक म्रिकाने काढली, कुठे टाकली ते तिने मलाही सांगितलं नाही. आणि शहरातली ती बाई येऊन किनला घेऊन गेली, जी जागा तिने ज्योवालिनसाठी बघितली होती, तिथे. म्रिकाला ते सांगितलं तेव्हा ती शेंगा सोलत होती. हातातली शेंग तिने सोलून टाकली. मग म्हणाली, "त्याला जेवायला देतात ना नीट?"

मी पुन्हा चुलीच्या कोपऱ्यात आहे. पट्टे कापलेले आहेत, आणि ते पुन्हा लावू नका असं तिने बजावलंय. येणारे जाणारे माझा सूर्य बघतात, म्हणतात काय सुंदर कोरीव काम, ह्याला तेल लावून जपलं पाहिजे. मला जपू नका हो! मी लाकूड आहे, फार तर चुलीत जाईन आणि एक वेळची भाकरी भाजेन. जपायचं ते माझ्यातून उठून बाहेर चालत जातं, त्याला जपा. तुमच्या घरात मुलगा असेल, तर तो मुलगा आहे म्हणून त्याला रडायची बंदी करू नका, आणि कुणी पाहुणा हसला म्हणून त्याला ओढून मोठ्यांच्या रांगेत बसवू नका. पोर वर्षाला एकाच वर्षाने वाढतं, मित्रांनो. त्याहून लवकर वाढवायला निघालेला जो कुणी असेल, काका असो, बाप असो, की गावचा पंच, तो त्या पोराच्या जिवावर उठलेला असतो. मिकेल दहा वर्षांचा आहे. त्याला दहाचाच राहू द्या.